अंगणातल्या पोर्सिलेन फरशीचा ग्राउट का निघतो, आणि दुसऱ्यांदा काय भरावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ३० चौरस मीटरच्या अंगणात ६०० × ६०० मापाच्या, २० मिमी जाडीच्या पोर्सिलेन फरश्या बसवल्या. सांधे ५ मिमीचे. त्यात साधा सिमेंटचा ग्राउट भरला, ५ किलोची एकच पिशवी पुरली. आठ महिन्यांत सांध्याच्या कडेने केसासारख्या चिरा आल्या, मग पापुद्रे निघाले, दोन-चार ठिकाणी पांढरे ओघळही दिसतात. आता सगळं खरवडून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा रेझिनचा ग्राउट, भरला तर सुटेल का, आणि तो भरायचा कसा?

अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, ‘एकच पिशवी पुरली’ या तीन शब्दांत.

हिशोब करून बघू. ६०० मिमीच्या चौकोनी फरशीला दर चौरस मीटरमागे साधारण ३.३ मीटर सांधा येतो. ३० चौरस मीटरला १०० मीटर. सांधा ५ मिमी रुंद आणि २० मिमी खोल, म्हणजे एका मीटरमध्ये १०० मिलिलिटर माल बसतो आणि १०० मीटरमध्ये १० लिटर. सिमेंट ग्राउटची घनता लिटरला १.६ किलो धरली तर १६ किलो ग्राउट हवा होता, वाया जाणारा वेगळा. तुमच्याकडे लागला ५ किलो. म्हणजे सरासरी ६ मिमी खोलीपर्यंतच ग्राउट आहे. खाली एकतर पोकळी आहे, नाहीतर बसवताना फरशीखालून वर आलेला सिमेंटचा माल तसाच वाळलाय. घरातल्या ८-१० मिमी टाइलच्या सवयीने काम केलं की हमखास असं होतं. कारागिराने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. रबर फ्लोट, म्हणजे ग्राउट भरायची रबरी थापी, एकदा ओढला की सांधा वरून भरलेलाच दिसतो.

म्हणून इपॉक्सीचा डबा आणण्याआधी एक पेचकस हातात घ्या. कुठलाही एक सांधा वीतभर लांब उकरा, अगदी तळापर्यंत. मी अशा वेळी नेहमी एक फरश्यांच्या चौकातला आणि एक मधला, असे दोन सांधे उकरतो. चौकात बऱ्याचदा फरश्यांत अंतर राखणारा प्लॅस्टिकचा तुकडा, म्हणजे स्पेसर, तसाच गाडलेला सापडतो. त्याच्यावर ग्राउटची पातळ साय असते आणि ती सगळ्यात आधी उडते. मधल्या सांध्यात पापुद्रा उचलला की त्याच्या पाठीकडे बघा. पाठ खडबडीत आणि फरशीच्या कडेला ग्राउटचे कण चिकटलेले असतील, तर पकड होती आणि ग्राउट जोराने तुटलाय. पाठ आणि कडा दोन्ही गुळगुळीत असतील, तर पकड कधी बसलीच नव्हती. पोकळीत घातलेल्या पेचकसाला ओल लागली तर पांढऱ्या ओघळांचं कारणही तिथेच सापडलं. आत साचलेलं पाणी सिमेंटमधला चुना विरघळवून वर आणतं, हवेत त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पांढरा डाग बसतो.

मग त्याच पेचकसाच्या मुठीने प्रत्येक फरशी ठोका, मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत. खणखणीत आवाज आला तर खाली माल भरलेला आहे. बद्द आला तर पोकळ आहे. बद्द वाजणाऱ्या जागी खडूने खूण करा. त्यानंतर कोपऱ्यावर टाच देऊन उभे राहा, आणि दुसऱ्या कोणाला तरी बोट सांध्यावर आडवं ठेवायला सांगा, अर्धं या फरशीवर आणि अर्धं शेजारच्या. फरशी कागदभर जरी खाली गेली तरी बोटाला कळतं. अशी हलणारी फरशी असेल तर जगातला कुठलाही ग्राउट तिथे टिकत नाही. ती उचलून पुन्हा बसवावी लागते. मालाचे चार-पाच गोळे ठेवून त्यावर फरशी दाबणं ही उघड्यावरच्या पोर्सिलेनची सगळ्यात वाईट बसवणी. गोळ्यांच्या मधल्या जागेत पाणी फिरतं, कोपरे अधांतरी राहतात. खाली पूर्ण माल हवा, आणि फरशीच्या पाठीवर बाँडिंग स्लरीचा, म्हणजे पकड देणाऱ्या पातळ लेपाचा, किंवा ॲडहेसिव्हचा हात हवा. नुसत्या वाळू-सिमेंटच्या मालाला पोर्सिलेनची पाठ पकडच देत नाही.

याचं कारण समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. पोर्सिलेन म्हणायलाच फरशीचं पाणी शोषण वजनाच्या ०.५ टक्क्याच्या आत लागतं. वीट, वालुकाश्म, साधी सिमेंटची लादी ही सगळी पाणी पिणारी मंडळी. त्यांच्या सांध्यात ओला माल भरला की त्या कडेने थोडं पाणी ओढून घेतात, त्याबरोबर सिमेंटचं दूधही छिद्रांत शिरतं आणि मुळं धरतं. पोर्सिलेनची कापीव कड काचेच्या जवळची आहे. ती काही ओढत नाही. ग्राउटमधलं जास्तीचं पाणी ग्राउटमध्येच अडकतं, नंतर हळूहळू उडतं, मागे बारीक छिद्रं सोडतं, ग्राउट आक्रसतो आणि कुठल्यातरी एका कडेपासून सुटतो. तुमच्या चिरा सांध्याच्या मधोमध नाहीत, कडेने आहेत, त्या यामुळेच. म्हणून दगडी फरशीवर खपून जाणारी ‘जरा पातळ करू, पटकन पसरेल’ ही सवय इथे महागात पडते.

दुसरी गोष्ट उन्हाची. पोर्सिलेन एका अंशाला दर दशलक्ष भागांत ६ ते ७ भाग प्रसरण पावतं. गडद रंगाची फरशी रात्री आणि भर दुपारी यांत सहज ४० अंशांचा फरक बघते. ६०० मिमीच्या एका फरशीला हे जेमतेम ०.१६ मिमी होतं, पण ५ मीटरच्या सलग पट्ट्यात १.३ मिमी. खालचं काँक्रीट वेगळ्या दराने आणि उशिरा तापतं, त्यामुळे दोघांची ओढाताण सुरू राहते. हा १.३ मिमी ग्राउटने गिळावा अशी अपेक्षा चुकीची आहे. सिमेंटचा असो की इपॉक्सीचा, ग्राउट हा कडक पदार्थ. हालचाल घेण्यासाठी वेगळे लवचिक सांधे सोडावे लागतात, त्याबद्दल खाली लिहितो.

आता निवड. पिशवीवर बारीक अक्षरांत एक वर्ग छापलेला असतो. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत सिमेंट ग्राउट म्हणजे सीजी आणि रेझिनचा, म्हणजे इपॉक्सीसारखा, आरजी. सीजी१ साधा, सीजी२ सुधारित. त्यापुढे डब्ल्यू असेल तर पाणी कमी शोषणारा आणि ए असेल तर घासण्याला जास्त टिकणारा. उघड्यावर पोर्सिलेनसाठी सीजी२ डब्ल्यूए याच्या खाली उतरू नका. ‘एक्स्टीरियर’ किंवा ‘वॉटरप्रूफ’ हे शब्द पिशवीवर कोणीही छापू शकतो, मी तरी ते वाचत नाही. दुसरं, त्याच पिशवीवर सांध्याची रुंदी आणि खोली किती चालते ते बघा. १ ते ३ मिमीसाठी केलेला बारीक ग्राउट २० मिमी खोल सांध्यात भरला की आक्रसून तडकतो. रुंद सांध्याच्या ग्राउटमध्ये वाळूचे कण असतात, तेच आक्रसणं रोखतात.

इपॉक्सीचं म्हणाल तर माल उत्तम आहे. चार तासांच्या पाणी-शोषणाच्या चाचणीत चांगल्या सिमेंट ग्राउटला ५ ग्रॅमपर्यंत मुभा असते, तर आरजी वर्गाला ०.१ ग्रॅम. दाबाची ताकदही तिप्पट मागितली जाते, १५ विरुद्ध ४५ न्यूटन प्रति चौरस मिमी. तेल सांडणाऱ्या, आम्ल लागणाऱ्या जागी, पोहण्याच्या तलावाभोवती मी दुसरं काही सुचवणार नाही. पण अंगणासाठी त्याचे तीन त्रास माहीत असू द्या. फिके रंग उन्हाने पिवळट पडतात. खालून ओल येत असेल तर तिला वर यायला वाटच उरत नाही, मग ती फरशीखाली साचते. तिसरा त्रास पुसण्याचा, आणि तो मी स्वतः भोगलाय.

एकदा गडद राखाडी, खरखरीत, न घसरणाऱ्या फरशीवर मी इपॉक्सी भरायला घेतला. घरातल्या गुळगुळीत टाइलवर शेकडो वेळा केलेलं काम, त्यामुळे नमुना करून बघितला नाही. सकाळी सावली होती, दहा वाजता ऊन आलं. मी एका दमात जवळजवळ चार चौरस मीटर भरलं आणि मग पुसायला वळलो, तोवर पहिल्या ओळीतला माल फरशीच्या खड्ड्या-खड्ड्यांत चिकट झाला होता. स्पंज फिरवला की तो निघायच्या ऐवजी पसरत होता. ओलं असताना सगळं स्वच्छच दिसलं. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे चकचकीत पट्टे, जणू कोणी वार्निश मारलंय. रिमूव्हर, नायलॉन ब्रश आणि दोन माणसं तीन दिवस गुडघ्यावर. त्यातले काही पट्टे आजही तिरक्या उन्हात दिसतात. तेव्हापासून खरखरीत फरशीवर नवा ग्राउट भरायचा तर आधी उरलेल्या एका तुकड्यावर भरून, पुसून, वाळवून बघितल्याशिवाय मी अंगणात उतरत नाही. सिमेंट ग्राउटलाही हे लागू आहे, विशेषतः फिक्या फरशीवर काळा ग्राउट असेल तर.

बाजारात आणखी दोन प्रकार दिसतील. एक, हवेने घट्ट होणारा तयार ओला माल, डब्यातून काढून ब्रशने लोटायचा. वापरायला सोपा, पण तो पाणी पाझरू देतो आणि तेवढा कडक होत नाही. खाली पाणी निचरणारा थर असेल तर ठीक. काँक्रीटवर घट्ट बसवलेल्या फरशीत पाणी आत सोडून ते जाणार कुठे? दुसरा, पाणी मारल्यावर घट्ट होणारी पॉलिमर वाळू. ती पेव्हर ब्लॉकसाठी ठीक आहे, पोर्सिलेनसाठी नको. आणि पायांच्या आधारांवर, म्हणजे पेडेस्टलवर ठेवलेल्या फरश्यांचे सांधे उघडेच असायला हवेत, त्यात काहीही भरायचं नाही.

तुमच्या बाबतीत माझं मत असं: फरश्या खणखणीत वाजत असतील तर चांगला सीजी२ डब्ल्यूए ग्राउट पूर्ण खोलीपर्यंत भरा. इपॉक्सीची गरज नाही. ६ मिमीचा इपॉक्सी पोकळीवर थापण्यापेक्षा २० मिमीचा सिमेंट ग्राउट कितीतरी वर्षं जास्त जाईल. शिवाय पुढे एखादी फरशी काढायची वेळ आली तर सिमेंट उकरता येतं, इपॉक्सी काढताना फरशीच्या कडाच उडतात.

जुना ग्राउट काढणं हेच खरं कष्टाचं काम, १०० मीटर म्हणजे थोडंथोडकं नाही. ५ मिमीच्या सांध्यात ग्राइंडर घालायचा मोह होतो, पण हात एकदा हलला की कडेचा टवका गेला, आणि पोर्सिलेनचा टवका लपत नाही. थरथरणाऱ्या मल्टी-टूलला कार्बाइडचं पातं लावा, किंवा हाताची ग्राउट-खुरपी वापरा. वरचा सुटलेला ग्राउट तर पेचकसानेही निघेल. किमान दोन-तृतीयांश खोली, म्हणजे १३-१४ मिमी, मोकळी हवीच. तळात घट्ट माल असेल तर तिथे थांबा, पोकळ असेल तर तळ गाठा. स्पेसर एकूण एक काढा. मग व्हॅक्यूमने धूळ ओढा, नुसता झाडू धूळ परत सांध्यात लोटतो. कडांना धूळ राहिली तर ग्राउट धुळीला चिकटेल, फरशीला नाही.

भरण्याच्या दिवशी ढगाळ हवा किंवा सावली बघा. फरशीचं तापमान ५ ते ३५ अंशांच्या मध्ये असावं, आणि पुढचा दिवसभर पाऊस नको. फरशी हाताला चटका देत असेल तर त्या दिवशी काम नको. सिमेंट ग्राउटसाठी तळातला माल किंचित ओला करा, म्हणजे तो ग्राउटमधलं पाणी पिणार नाही, पण पाणी साचलेलं नको. इपॉक्सीसाठी मात्र सगळं कोरडं ठणठणीत लागतं.

मिसळताना पाणी मोजून, मापाच्या भांड्याने. पिशवीवर लिहिलेलं पाणी आधी घमेल्यात घ्या आणि त्यात पावडर टाका, उलट नाही. पॅडल सावकाश फिरवा, जोरात फिरवलं की हवा भरते आणि सांध्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. तीन ते पाच मिनिटं तसंच राहू द्या, पुन्हा ढवळा. थापीवर उचलल्यावर तो सावकाश सरकावा, ओघळू नये. काम चालू असताना घट्ट व्हायला लागला तर पाणी टाकून सैल करू नका, फेकून द्या. वरून घातलेल्या पाण्याने रंग पडतो आणि ताकदही जाते. एका वेळी अर्धा तास पुरेल एवढाच कालवा. इपॉक्सीत तर दोन्ही भाग पूर्णच्या पूर्ण मिसळायचे, अंदाजे अर्धे नाही, आणि कालवल्यावर डब्यात ठेवायचा नाही. ढिगात तो स्वतःच्या उष्णतेने तापून लवकर घट्ट होतो, पाटीवर पसरून ठेवा.

२० मिमी खोल सांधा एका फेरीत भरत नाही. मी आधी कोन-पिशवीने किंवा नळीच्या गनने माल थेट तळात सोडतो, तोंड सांध्यात घालून, मागे मागे सरकत. मग रबर फ्लोट ४५ अंशांत उभा धरून, सांध्याला तिरका, दाबून ओढतो. पाच-दहा मिनिटांनी माल थोडा बसतो आणि सांध्यात खळगी दिसते. तेव्हा दुसरा हात. शेवटी सांध्याच्या रुंदीची लोखंडी पट्टी दाबून फिरवली की वरचा थर घट्ट होतो आणि कडेला चेपला जातो. पोर्सिलेनवर ही शेवटची दाब फार कामाची आहे, कारण पकड ओढून मिळत नाही, चेपूनच मिळते.

पुसायचं कधी? बोट दाबलं की ठसा उमटेल पण माल बोटाला लागणार नाही, तेव्हा. स्पंज पिळून पिळून, नुसता दमट. सांध्याला तिरका फिरवा, एका बाजूने एकदाच, मग बाजू बदला. पाणी गढूळ झालं की बदला. दोन बादल्या ठेवा, एक धुवायला आणि एक खंगाळायला. ओल्या स्पंजने दहादा पुसलं की वरचं सिमेंट आणि रंग दोन्ही वाहून जातात, सांधा खोलगट आणि फिका होतो, आणि पाणी तिथेच थबकतं. तासाभराने जी पांढरी झाक दिसेल ती कोरड्या कापडाने पुसा. त्यानंतरही राहिली तर निदान दहा दिवस थांबून सौम्य सल्फॅमिक ॲसिड, आणि त्याआधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्या. साफसफाईचं जहाल ॲसिड सांध्यातलं सिमेंटच खातं, आणि हायड्रोफ्लोरिक असलेलं काहीही तर फरशीवरही डाग पाडतं.

पहिले दोन दिवस ऊन आणि वारा थेट लागू देऊ नका. सांध्याला चिकटून प्लॅस्टिक अंथरू नका, त्याखाली घाम येतो आणि ग्राउट चट्ट्यापट्ट्याचा होतो. थोडं उंचावर धरलेलं ताडपत्रीचं छत चांगलं. चालायला एक दिवस, जड कुंड्या आणि वाहन आठवडाभराने.

आता ते लवचिक सांधे. तुमच्या वर्णनात ते कुठेच नाहीत. अंगण भिंतीला, पायरीला, खांबाला जिथे टेकतं तिथे ग्राउट नको, सिलिकॉन हवं. शिवाय उघड्यावर सलग पट्टा साधारण ३ ते ३.५ मीटरपेक्षा लांब असू नये. तिथे एक पूर्ण सांधा आडवा-उभा लवचिक करायचा. खालच्या काँक्रीटमध्ये जिथे जोड असेल, त्याच्या बरोब्बर वर तर हवाच. चांगलं सिलिकॉन आपल्या रुंदीच्या २५ टक्के ताणतं-आवळतं, म्हणजे ८ मिमीच्या सांध्याला २ मिमी. हिशोबातला १.३ मिमी त्यात बसतो. ५ मिमीच्या सांध्यात तो बसत नाही, म्हणून पट्टे छोटे पाडायचे. आत आधी फोमची गोल दोरी, म्हणजे बॅकर रॉड, दाबून बसवा, सांध्यापेक्षा थोडी जाड. सिलिकॉन फक्त दोन्ही कडांना चिकटलं पाहिजे. तळालाही चिकटलं तर ताणताना फाटतं. रंग ग्राउटशी जुळणारा मिळतो, लांबून ओळखू येत नाही.

ढाळ तपासायला एक बादली पाणी ओता. ८० ला १, म्हणजे मीटरमागे साडेबारा मिमी उतार असावा. पाणी जिथे डबकं धरतं तिथला ग्राउट आधी काळा पडेल आणि आधीच जाईल. ते फरशी उचलल्याशिवाय दुरुस्त होत नाही, त्यामुळे कुठलीशी फरशी काढायचीच असेल तर या डबक्याची जागा आधी धरा. प्रेशर वॉशर वापरत असाल तर फिरणारी टोकदार धार सांध्यावर कधीच नको. पसरट पंखा, हातभर लांबून.

कामाला सुरुवात भिंतीलगतच्या, कमी दिसणाऱ्या कोपऱ्यात एक चौरस मीटरने करा. तेवढ्याला किती ग्राउट गेला ते वजन करून लिहा. पूर्ण खोलीला हिशोबाने ५३० ग्रॅम यायला हवा. तळात घट्ट माल सोडला असेल तर त्या प्रमाणात कमी, पण १४ मिमी खोलीलाही ३७० ग्रॅम. त्याहून फार कमी भरला तर माल तळात पोहोचत नाहीये, पुढे जाऊ नका.